मोठ्याचं निदान, धाकट्याची वेळ : एमएलडी, जीन थेरपी आणि कोकणातलं घर

मेटाक्रोमॅटिक ल्युकोडिस्ट्रॉफी, म्हणजे एमएलडी, हे नाव कागदावर येतं तोवर ज्या मुलासाठी तो कागद काढला त्याच्यासाठी बहुधा उशीर झालेला असतो. पण त्याच घरात पाळण्यात धाकटं असेल किंवा पुढच्या बाळंतपणाचा विचार चालू असेल, तर तोच कागद घरातला सर्वांत मोलाचा. या आजारावर जीन थेरपी आहे. ती खरी आहे, आणि ती लक्षणं दिसायच्या आधी द्यावी लागते. म्हणून थेरपीपेक्षा तिच्या आधीच्या पायऱ्यांवर इथे जास्त लिहिलं आहे. माणसं चुकतात ती तिथेच. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातले पालक, त्यांच्याबरोबर फायली घेऊन फिरणारे मामा-काका आणि वाडीवाडीतल्या आशाताई हे वाचतील असं धरलं आहे.

आजार काय आहे

पेशीच्या आत लायसोसोम नावाच्या पिशव्या असतात. पेशीतला टाकाऊ माल तिथे तोडला जातो, आणि प्रत्येक प्रकारचा माल तोडायला वेगळा एन्झाइम लागतो. त्यातलाच एक अ‍ॅरिलसल्फेटेज-ए. तो बनवण्याची कृती २२व्या गुणसूत्रावरच्या एआरएसए या जीनमध्ये असते. हा एन्झाइम नसला की सल्फेटाइड नावाचा स्निग्ध पदार्थ साचत जातो. मेंदूतल्या आणि हातापायांच्या नसांवर मायलिनचं वेष्टण असतं, वायरीवरच्या रबरासारखं. सल्फेटाइड साचून ते वेष्टण झडतं आणि संदेश पोचेनासे होतात.

जगभरात साधारण ४० हजार ते १ लाख ६० हजार जन्मांमागे एकाला हा आजार होतो असा अंदाज आहे. लक्षणं अडीच वर्षांच्या आत सुरू झाली तर त्याला लेट इन्फंटाइल म्हणतात, आणि तो सर्वांत झपाट्याने वाढतो. अडीच ते सोळा वर्षांमधला तो ज्युव्हेनाइल. त्यातही सात वर्षांच्या आत सुरू होणारा अर्ली ज्युव्हेनाइल वेगळा मोजतात. सोळानंतर सुरू होणारा प्रौढांचा प्रकार कित्येकदा आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पोचतो.

आई आणि वडील दोघांकडेही त्या जीनची एकेक बिघडलेली प्रत असते, एकेक चांगली. ते वाहक, त्यांना स्वतःला काही होत नाही. दोघांच्या बिघडलेल्या प्रती एकाच बाळात आल्या की आजार होतो. ही शक्यता प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के, नव्याने. पहिल्याला झालं म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब नाही. मामेबहिणीशी किंवा आत्तेबहिणीशी लग्न झालं असेल तर शक्यता वाढते, पण नात्याबाहेर लग्न करूनही आजार होतो. सुनेच्या माहेरावर बोट दाखवण्यात अर्थ नाही. अर्धा वाटा सासरचा असतोच. देवळात गाऱ्हाणं घालायचं तर जरूर घाला, पण रक्ताचा नमुना त्याच आठवड्यात द्या.

पायरी १ : शंका वेळेवर घेणे

नेहमीचं चित्र असं. मूल वेळेवर बसलं, उभं राहिलं, चालायला लागलं. मग दीड-दोन वर्षांच्या सुमाराला खळ्यात दुडदुडणारं पोर सपाटीवरही पडायला लागतं, पाखाडी चढेनासं होतं, टाचा टेकत नाहीत, शब्द अडखळतात. शाळेच्या वयात असेल तर आधी अक्षर बिघडतं, वागणं बदलतं, बाई तक्रार करतात की लक्ष नाही.

इथे महत्त्वाचा फरक एकच. सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल हळू शिकतं, पण शिकलेलं सहसा विसरत नाही. मूल शिकलेलं हरवू लागलं तर ‘सीपी आहे, व्यायाम करा’ एवढ्यावर थांबू नका. दुसरी फसगत गियां-बारे सिंड्रोमची, म्हणजे नसांच्या अचानक येणाऱ्या आजाराची. एमएलडीत सुरुवातीला गुडघ्यावर हातोडी टेकवली की येणारा झटका जातो, नसांची गती मंदावते आणि पाठीतल्या पाण्यातलं प्रोटीन वाढतं. हे तिन्ही गियां-बारेतही दिसतं. पण गियां-बारे काही आठवड्यांत टोक गाठून उतरणीला लागतो. हा उतरत नाही.

अंगणवाडीत आणि शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला मूल दाखवा आणि ‘आधी जमत होतं, आता जमत नाही’ हे शब्द तसेच लिहून घ्यायला सांगा. तिथून जिल्हा रुग्णालयातल्या लवकर हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे डीईआयसीची, चिठ्ठी मिळते. मूल कधी बसलं, कधी चाललं, कधी पडायला लागलं याच्या तारखा एका वहीत लिहा. मोबाइलमधले जुने व्हिडिओ पुसू नका. वाढदिवसाचा, गणपतीतल्या आरतीचा व्हिडिओ हा डॉक्टरांसाठी पुरावा असतो.

एमआरआयमध्ये मेंदूच्या पांढऱ्या भागात दोन्ही बाजूंना सारखा बदल दिसतो. अगदी सुरुवातीला तो दिसेलच असं नाही. एमआरआयची सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्या. नुसत्या फिल्मवर विसंबू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटातल्या फिल्म एकमेकींना चिकटतात आणि दुसऱ्या डॉक्टरांना काहीच दिसत नाही.

पायरी २ : नमुना, आणि तो कसा मरतो

तीन तपासण्या लागतात. पांढऱ्या पेशींमधली एन्झाइमची पातळी, लघवीतलं सल्फेटाइड आणि एआरएसए जीनचं वाचन. एकीवर भागत नाही. का ते पुढे येतंच.

एन्झाइमच्या तपासणीसाठी साधारण ५ मिली रक्त हेपरिनच्या, म्हणजे हिरव्या झाकणाच्या नळीत घेतात. जीनसाठी २ ते ३ मिली रक्त ईडीटीएच्या, जांभळ्या झाकणाच्या नळीत. काही लॅब एन्झाइमसाठीही जांभळी नळी मागतात, तेव्हा सुई टोचण्याआधी लॅबला फोन करून नळीचा रंग पक्का करा. चुकीच्या नळीमुळे दोन वर्षांच्या मुलाला परत टोचणं टाळता येतं.

एन्झाइमचा नमुना जिवंत माल आहे. पेशी शाबूत हव्यात. रक्त काढल्यापासून २४ तासांत, फार तर ४८ तासांत लॅबच्या टेबलावर ते पोचायला हवं; थंड, पण न गोठलेलं. बर्फाच्या लादीला नळी टेकली तर पेशी फुटतात. थर्माकोलच्या डब्यात तळाला जेलपॅक, वर वर्तमानपत्राची जाड घडी, त्यावर नळी, अशी रचना करा. मासळीच्या पेटीसारखा चुरा बर्फ भरू नका. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत डबा ठेवणं हा सर्वांत वाईट मार्ग: इंजिनाची धग, आणि घाटात गाडी अडकली की सगळा हिशेब संपला. रक्त सोमवार ते बुधवारमध्येच काढा. शुक्रवारी काढलेला नमुना रविवारभर कुरियरच्या गोदामात पडून राहतो. मग सोमवारी येणारी ‘कमी’ पातळी आजाराची की उन्हाची, कोणी सांगू शकत नाही.

म्हणूनच ‘सोबती नमुना’ पाठवायचा. नात्यातली नसलेली, निरोगी अशी एक व्यक्ती, तिचं रक्त त्याच वेळी, तशाच नळीत, त्याच डब्यात. दोन्ही नमुन्यांत पातळी कमी आली तर दोष प्रवासाचा. लॅब त्याच रक्तात दुसरा एखादा लायसोसोमचा एन्झाइमही मोजते, त्याचंही काम हेच.

खरं सांगायचं तर ज्याला शक्य आहे त्याने नमुना पाठवूच नये. मूल घेऊन जावं. कोकण रेल्वेने दादरला उतरलं की परळ जवळ, आणि केईएमचा परिसर तिथेच. दक्षिण सिंधुदुर्गातल्या लोकांना बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज जवळ पडतं, तिथून पहिलं न्यूरॉलॉजीचं मत घेता येतं. पण दुर्मीळ आजारांच्या सरकारी धोरणाची नोंद करायची तर महाराष्ट्रातल्या माणसाने केईएम गाठलेलं बरं. मुक्कामाची चिंता असेल तर गिरणगावात अजून कितीतरी गावांच्या मंडळांच्या खोल्या आहेत. आपल्या गावची खोली आहे का, हे गणपतीला आलेल्या चाकरमान्यांना विचारून ठेवा.

पायरी ३ : रिपोर्ट वाचणे

‘एआरएसए कमी’ म्हणजे एमएलडी नव्हे. ही ओळ दोनदा वाचा.

काही निरोगी माणसांत हा एन्झाइम मुळातच सामान्याच्या ५ ते १५ टक्के एवढाच असतो आणि त्यांना जन्मभर काही होत नाही. याला स्यूडोडेफिशियन्सी म्हणतात. जीनमधला हा बदल बऱ्यापैकी सर्रास आढळतो. मुलाला दुसऱ्याच कारणाने चालायला त्रास होत असेल आणि योगायोगाने हा बदलही असेल, तर चुकीचा शिक्का बसतो. म्हणून लघवीची तपासणी. खऱ्या एमएलडीत लघवीत सल्फेटाइड जाऊ लागतं, स्यूडोडेफिशियन्सीत नाही.

उलटही होतं. सगळी लक्षणं एमएलडीची, लघवीत सल्फेटाइड भरपूर, पण एन्झाइम सामान्य. मग दोष एन्झाइमला मदत करणाऱ्या सॅपोसिन-बी या प्रथिनात असू शकतो. त्याचा जीन पीएसएपी. तिसरी शक्यता मल्टिपल सल्फेटेज डेफिशियन्सीची. तिच्यात एकच नाही, सगळेच सल्फेटेज कमी असतात, म्हणून दुसरा एखादा सल्फेटेज मोजून पाहतात. या दोन्हींवर एमएलडीची जीन थेरपी लागू नाही.

जीनच्या रिपोर्टमध्ये दोन गोष्टी शोधा. पहिली, बदलाचा दर्जा. ‘पॅथोजेनिक’ किंवा ‘लाइकली पॅथोजेनिक’ असेल तर पक्कं. ‘व्हीयूएस’, म्हणजे अर्थ न लागलेला बदल, असेल तर एन्झाइम आणि लघवी यांचीच साक्ष मोठी. दुसरी गोष्ट, दोन बदल दोन वेगळ्या प्रतींवर आहेत का. दोन्ही बदल आईकडूनच आलेल्या एका प्रतीवर असतील तर वडिलांकडची प्रत चांगली आहे, आणि मूल नुसतं वाहक आहे. हे नुसत्या मुलाच्या रक्तावरून बहुधा कळत नाही. आई-वडिलांचं रक्त लागतं. ‘आमची तपासणी कशाला, आम्ही ठणठणीत’ म्हणून वडील टाळतात, आणि रिपोर्ट महिनाभर अधांतरी राहतो.

पायरी ४ : त्याच आठवड्यात धाकटं

मोठ्याचं निदान झालं त्या आठवड्यात धाकट्या भावंडाची तपासणी. पुढच्या महिन्यात नाही, ‘जरा मोठं होऊ दे’ नाही, मोठ्याच्या आजारपणातून डोकं वर काढल्यावर नाही. घरातले बदल एकदा कळले की धाकट्याच्या रक्तात नेमके तेच दोन शोधायचे असतात, त्यामुळे ही तपासणी झटपट आणि स्वस्तात होते. बाळ नुकतंच जन्मलेलं असेल तरी चालतं.

धाकटं खेळतंय, हसतंय, चालतंय, तेव्हा त्याला टोचायला मन धजत नाही, हे समजण्यासारखं आहे. पण ते खेळतंय तोवरच दार उघडं आहे. युरोपमध्ये मान्यता मिळालेल्या थेरपीच्या अटी अशा : लेट इन्फंटाइल किंवा अर्ली ज्युव्हेनाइल प्रकार असून लक्षणं अजून नाहीत, किंवा अर्ली ज्युव्हेनाइलची नुकती सुरुवात आहे, पण मूल स्वतःच्या पायांनी चालतंय आणि बुद्धीची घसरण लागलेली नाही. लेट इन्फंटाइलमध्ये एकदा चाल बिघडली की दार बंद. धाकट्याला कोणता प्रकार होणार, याचा अंदाज जीनमधल्या बदलांवरून आणि मोठ्याची लक्षणं कोणत्या महिन्यात सुरू झाली यावरून बांधतात. ती तारखांची वही इथे कामाला येते.

थेरपी म्हणजे नेमकं काय करतात

‘सोळा कोटींचं इंजेक्शन’ अनेकांनी बातम्यांत ऐकलेलं असतं. ते स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफीचं; एएव्ही नावाचा विषाणू वापरून शिरेतून एकदाच देतात. एमएलडीची रीत वेगळी आहे, जास्त लांब आणि जास्त कठीण. हिला इंजेक्शन म्हणूच नये.

या औषधाचं शास्त्रीय नाव अ‍ॅटिडार्साजीन ऑटोटेमसेल. मूळ काम इटलीत, मिलानच्या सान राफाएले-टेलेथॉन संस्थेत झालं. युरोपमध्ये डिसेंबर २०२० मध्ये ‘लिबमेल्डी’ या नावाने आणि अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये ‘लेनमेल्डी’ या नावाने मान्यता मिळाली.

आधी मुलाच्या स्वतःच्या रक्तातल्या मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, गोळा करतात. औषध देऊन त्या बोनमॅरोतून, म्हणजे हाडांतल्या मगजातून, रक्तात उतरवतात आणि यंत्राने गाळून घेतात. आठ-दहा किलोच्या बाळासाठी हे सोपं नसतं. मोठ्या शिरेत नळी बसवावी लागते. काही पेशी राखीव ठेवतात, पुढे काही बिनसलं तर परत देता याव्यात म्हणून. बाकीच्यांत लेंटिव्हायरस वापरून एआरएसएची चांगली प्रत घालतात. हा एचआयव्हीच्या कुळातला विषाणू. आजार करणारा भाग काढून टाकलेला, नुसता हमाल म्हणून वापरलेला. तयार माल गोठवतात आणि काही आठवडे त्याच्या चाचण्या होतात. अमेरिकेतल्या मान्यतेनुसार लक्षणं नसलेल्या लेट इन्फंटाइल मुलाच्या दर किलो वजनामागे निदान ४२ लाख सीडी-३४ पेशी, म्हणजे याच मूळपेशी, हव्यात; अर्ली ज्युव्हेनाइलमध्ये त्याहून जास्त. तेवढ्या भरल्या नाहीत तर पुन्हा गोळा करायचं, म्हणजे पुन्हा आठवडे जातात.

माल पास झाला की मुलाला बुसल्फान हे केमोथेरपीचं औषध साधारण चार दिवस देतात, जुना बोनमॅरो रिकामा करायला. शेवटच्या डोसनंतर निदान २४ तास थांबून सुधारलेल्या पेशी शिरेतून सोडतात. हा भाग बघायला सर्वांत साधा: एक छोटी पिशवी, अर्ध्या तासाचं काम. खरी लढाई पुढच्या आठवड्यांची, नव्या पेशी रुजेपर्यंतची.

रक्तातल्या पेशी सुधारून मेंदू कसा वाचतो? या मूळपेशींची काही पिल्लं मेंदूत जाऊन वसतात आणि तिथे गरजेपेक्षा जास्त एन्झाइम बनवून बाहेर सोडतात. शेजारच्या पेशी तो उचलून घेतात. पण मेंदूत हे बस्तान बसायला महिने लागतात, आणि तेवढ्या काळात आजार पुढे सरकत राहतो. लक्षणं सुरू झालेल्या लेट इन्फंटाइल मुलाला फायदा का होत नाही, ते यात आलं.

फळ काय? अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता देताना मांडलेले आकडे असे. लक्षणांआधी उपचार झालेली लेट इन्फंटाइलची सगळी मुलं सहाव्या वर्षी हयात होती. उपचार न झालेल्या मुलांत हे प्रमाण ५८ टक्के. पाचव्या वर्षी ७१ टक्के मुलं आधाराशिवाय चालत होती, ८५ टक्क्यांची बुद्धी-भाषेची चाचणी सामान्य होती. सगळी नाहीत, हेही त्याच आकड्यांत आहे.

बिघडतं काय, तेही सहीआधी समजून घ्या. बुसल्फानमुळे केस जातात, तोंड सोलतं, यकृतातल्या बारीक शिरा बंद पडू शकतात, आणि पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. प्लेटलेट्स वाढायला उशीर लागू शकतो, रक्ताची गुठळी होऊ शकते. काही मुलांच्या शरीराने नव्या एन्झाइमविरुद्धच प्रतिपिंडं बनवली आहेत. आणि घातलेला जीन नको त्या जागी बसून पुढे रक्ताचा कर्करोग व्हायची शक्यता. एमएलडीसारख्याच मेंदूच्या दुसऱ्या एका आजारावर, अ‍ॅड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफीवर, वापरलेल्या लेंटिव्हायरसच्या थेरपीनंतर काही मुलांना असा कर्करोग झाला आहे. म्हणून किमान १५ वर्षं तपासण्या.

पायरी ५ : दार कुठे आहे, आणि पैसे

मिलान, मँचेस्टर, अमेरिकेत मिनेसोटा अशा मोजक्याच केंद्रांत ही थेरपी देतात. अमेरिकेतली जाहीर किंमत ४२.५ लाख डॉलर, म्हणजे ३५ कोटींच्या वर. राहणं, प्रवास वेगळा. हा आकडा वाचून कागद मिटून ठेवू नका. दारं याखेरीजही आहेत.

भारताचं राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण मार्च २०२१ चं. त्यात ठरवलेल्या उत्कृष्टता केंद्रांपैकी मुंबईचं केईएम एक. तिथे नोंद झालेल्या रुग्णाला ५० लाख रुपयांपर्यंत मदत होऊ शकते, पण उपचार अशाच केंद्रात व्हायला हवा. परदेशच्या थेरपीसाठी हा पैसा नाही. त्याच धोरणाखाली केंद्र सरकारचं लोकवर्गणीचं पोर्टल आहे, तिथे मुलाची नोंद केंद्रच करतं. खासगी लोकवर्गणीच्या साइटवर टाकण्याआधी ही नोंद करून घ्या.

त्या ५० लाखांत बसू शकणारा उपचार म्हणजे दुसऱ्याच्या मूळपेशींचं प्रत्यारोपण, ज्याला आपण बोनमॅरो बदलणं म्हणतो. ज्या लायसोसोमच्या आजारांत बाहेरून एन्झाइम देण्याचा उपचार उपलब्ध नाही, त्यांच्यासाठी प्रत्यारोपण धोरणाच्या पहिल्या गटात येतं. एमएलडीत एन्झाइम शिरेतून देऊन मेंदूत पोचत नाही. लक्षणांआधी केलेलं प्रत्यारोपण ज्युव्हेनाइल प्रकारात काही मुलांना तारतं. लेट इन्फंटाइलमध्ये त्याचा भरवसा कमी. दाता म्हणून भावंड जुळलं तर ते वाहक आहे का हे बघतात, कारण वाहकाच्या पेशी निम्माच एन्झाइम बनवतात. हा निर्णय केंद्राच्या डॉक्टरांबरोबर समोरासमोर बसूनच घ्यायचा.

क्लिनिकल ट्रायल हे तिसरं दार. भारतातली प्रत्येक अधिकृत ट्रायल सीटीआरआय या नोंदवहीत क्रमांकासह असते. क्रमांक मागा, तिथे तपासा. ट्रायलच्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. कोणी मागत असेल तर ती ट्रायल नाही. तसंच ‘स्टेम सेल’चं इंजेक्शन पाठीत देऊन मूल चालतं करण्याच्या जाहिराती. प्रत्यारोपणाच्या मान्य उपचारांपलीकडे असं काही विकायला भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं परवानगी देत नाहीत. कलमांची बाग गहाण टाकून लोक तिथे जातात. जाऊ नका.

कागदपत्रं

परदेशी केंद्राशी बोलणं सुरू झालं की दिवस मोजावे लागतात, म्हणून कागद आधीच तयार हवेत. ग्रामपंचायतीतून बारशाआधी काढलेल्या जन्मदाखल्यावर बाळाचं नावच नसतं. ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच. नाव चढवून घ्या. दाखला, आधार, रेशनकार्ड यांवर आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग एकच करा. एका अक्षराच्या फरकावर पासपोर्ट अडतो. आई-वडील दोघांचे आणि मुलाचा पासपोर्ट काढा. रिपोर्ट सगळे एका पीडीएफमध्ये, तारखेच्या क्रमाने, एमआरआय मूळ फायलींच्या रूपात. मोठ्या मुलाचं दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढा. दिव्यांग बालकाला आणि सोबत्याला रेल्वेभाड्यात सवलत मिळू शकते, आणि परळच्या फेऱ्या काही एक-दोन नसतात.

लसींचं वेळापत्रक केंद्राला विचारल्याशिवाय पुढे नेऊ नका. केमोथेरपीच्या आधीच्या सहा आठवड्यांत लस टाळतात, आणि नंतर सगळ्या लसी नव्याने घ्याव्या लागतात. आशाताईंना हे लेखी द्या, नाहीतर पल्स पोलिओच्या रविवारी कोणीतरी प्रेमाने दोन थेंब पाजून जातं.

परत गावी आल्यावर

प्रत्यारोपण असो की जीन थेरपी, पहिले काही महिने मुलाची प्रतिकारशक्ती नावापुरती असते. आणि आपली घरं पावसाळ्यात बुरशीची. मिरगानंतर कौलारू घराच्या भिंतीला ओल धरते, पेंढा, काजूच्या बियांची पोती, गोठा, सगळीकडून बुरशीचे कण उडतात. रुग्णालयातून सुटण्याची तारीख जून-जुलैत पडत असेल तर मुंबईत रुग्णालयाजवळ दिवाळीपर्यंत राहण्याची सोय बघा, असं आमचं स्पष्ट मत आहे. ते जमणारच नसेल तर एक खोली वेगळी काढा. गिलावा सुका, जमीन लादीची. शेणाने सारवलेली नको. त्या खोलीत पेंढा, जुनी गोणपाटं, झाडांच्या कुंड्या नकोत. लावणीच्या चिखलातून आलेल्या माणसाने आंघोळ करून मगच मुलाला घ्यावं. लेप्टो आपल्याकडे नवा नाही. पाणी उकळलेलं. जेवण त्याच वेळी शिजवलेलं, गरम. बांगडा पूर्ण शिजवून चालतो. कालवं, तिसऱ्या, बाहेरची सोलकढी नाही. शंभरच्या वर ताप गेला की घरी पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही. त्याच रात्री गाडी काढायची. गाडी कोणाची, ड्रायव्हर कोण, हे आगोटीचं सामान भरताना ठरवून ठेवा.

आणखी दोन बारकावे, जे तालुक्याच्या दवाखान्यात माहीत असतीलच असं नाही. लेंटिव्हायरसची थेरपी झालेल्या मुलाची एचआयव्हीची काही प्रकारची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, कारण चाचणी त्याच कुळातल्या विषाणूचा तुकडा शोधते. हे लिहिलेलं पत्र केंद्राकडून घेऊन फाइलच्या पहिल्या पानावर लावा. दुसरं, रक्त चढवायची वेळ आली तर पहिल्या काही महिन्यांत ते इरॅडिएट केलेलंच, म्हणजे किरणांखालून काढलेलंच, हवं. ते जिल्ह्यात मिळतं का, हे आधीच विचारून ठेवा. हे मूल पुढे जन्मभर रक्तदान किंवा अवयवदान करू शकत नाही.

मोठ्यासाठी

ज्याच्यासाठी थेरपी उरली नाही त्याच्यासाठी करण्यासारखं खूप असतं, आणि ते घरचे करतात. स्नायू आखडतात त्यावर बॅक्लोफेन, नसांच्या वेदनेवर गॅबापेंटिन, डोस डॉक्टर ठरवतील. विनाकारण वाटणारं रडणं बहुधा वेदनेचं असतं. गिळणं बिघडतं तेव्हा पातळ पदार्थांनीच ठसका लागतो. पाणी, चहा, पातळ पेज छातीत उतरून न्यूमोनिया होतो. पेज घोटून दाट करा, मूल बसवून भरवा, मान किंचित पुढे. वजन उतरायला लागलं की पोटात नळी बसवण्याची चर्चा लवकर करा. हार म्हणून शेवटापर्यंत ढकलू नका. सल्फेटाइड पित्ताशयातही साचतं, तिथे गाठी होतात, म्हणून वर्षातून एकदा पोटाची सोनोग्राफी.

पुढचं बाळंतपण

घरातले दोन्ही बदल लेखी हातात असतील तरच गर्भाची तपासणी करता येते. ते नसतील तर आधी तेच. ११ ते १३ आठवड्यांत वारेचा तुकडा घेतात, किंवा १६ आठवड्यांनंतर गर्भजल. वारेच्या तुकड्यात आईच्या पेशी मिसळल्या तर रिपोर्ट चुकतो, म्हणून आईचं रक्तही सोबत देऊन ‘मॅटर्नल कंटॅमिनेशन’ची तपासणी मागा. रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागतात हे धरून तारीख घ्या. गर्भपाताचा निर्णय घेण्याची वेळ आली तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. त्यापुढे २४ पर्यंत कायद्याने ठरवलेल्या गटांतल्या स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांचं मत लागतं, आणि २४ च्या पुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तरच, तेही वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने. गर्भ ठेवायचा ठरला तरी हा रिपोर्ट वाया जात नाही. बाळ बाधित आहे हे जन्माआधी कळलं तर प्रत्यारोपणाच्या किंवा थेरपीच्या केंद्राशी बोलणी सातव्या महिन्यातच सुरू करता येतात, आणि बाळाचं रक्त बाळंतपणाच्या खोलीतूनच लॅबकडे निघतं.